अमेरिकन अभिजात चित्रपट आणि उमरीचा निकष

जुन्या अमेरिकन चित्रपटांपैकी कोणते आवर्जून पाहावेत आणि कोणते कालबाह्य म्हणून बाजूला ठेवावेत, हा वाद चित्रपटरसिकांच्या जगात फार जुना आहे. न्यूयॉर्क, लंडन किंवा मुंबई-पुण्याच्या फिल्म सोसायट्यांपुरता तो मर्यादित होता तोवर नांदेड जिल्ह्यातील उमरीसारख्या गावाला त्याचे सोयरसुतक असण्याचे कारण नव्हते. जे चित्रपट गावात येणारच नव्हते, त्यांच्या श्रेष्ठकनिष्ठतेची चर्चा गावाने कशाला करावी? आता ती स्थिती उरलेली नाही. हाती मोबाइल असलेल्या कोणाही तरुणाला यांतील बरेच चित्रपट शोधल्यास सापडतात. चित्रपट गावाच्या वेशीत आला. परंतु कोणता चित्रपट पाहावा हे सांगणारी यादी मात्र अद्याप परक्याच्याच हातची आहे. ही यादी जशीच्या तशी स्वीकारावी, की उमरीच्या प्रेक्षकाने स्वतःचा निकष उभा करावा? हा प्रश्न वरकरणी करमणुकीचा वाटला, तरी तो वस्तुतः स्वतंत्र विचाराचा आहे.

याद्या आणि योगायोग

प्रथम या याद्यांचीच परीक्षा केली पाहिजे. 'साइट अँड साउंड' हे ब्रिटिश नियतकालिक १९५२ पासून दर दहा वर्षांनी जगभरच्या समीक्षकांचा कौल घेत आले आहे. पहिल्या खेपेस इटलीचा 'बायसिकल थीव्ह्ज' अग्रस्थानी होता. १९६२ ते २००२ अशा पाच खेपांना ऑर्सन वेल्सच्या 'सिटिझन केन'ने ते स्थान टिकविले. २०१२ मध्ये हिचकॉकच्या 'व्हर्टिगो'ने त्याला खाली ओढले आणि २०२२ मध्ये बेल्जियमच्या शांताल आकेरमान या दिग्दर्शिकेचा 'जान दीलमान' सर्वांच्या वर गेला. अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटने १९९८ मध्ये शंभर अमेरिकन चित्रपटांची यादी केली आणि २००७ मध्ये ती पुन्हा केली. मधल्या नऊ वर्षांत 'व्हर्टिगो' एकसष्टाव्या क्रमांकावरून नवव्या क्रमांकावर आला. जॉन फोर्डचा 'द सर्चर्स' शहाण्णववा होता, तो बारावा झाला. बस्टर कीटनचा 'द जनरल' पहिल्या यादीत मुळी नव्हताच. दुसरीत तो अठरावा ठरला. या नऊ वर्षांत त्या चित्रपटांतील एक चौकटही बदलली नव्हती. बदलली होती ती पाहणाऱ्यांची दृष्टी.

कधी कधी तर अभिजातपणाला योगायोगाचाही हातभार लागतो. 'सिटिझन केन' १९४१ मध्ये प्रदर्शित झाला तेव्हा त्याने पैसा मिळविला नाही. त्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा ऑस्कर पुरस्कारही दुसऱ्याच चित्रपटाला गेला. केनच्या वाट्याला पटकथेचा पुरस्कार तेवढा आला. फ्रँक काप्राच्या 'इट्स अ वंडरफुल लाइफ'ची कथा याहून मौजेची आहे. १९४६ चा हा चित्रपट आपला खर्चही भरून काढू शकला नाही. पुढे १९७४ मध्ये त्याच्या स्वामित्वहक्काचे नूतनीकरण करावयाचे राहून गेले. त्यामुळे अमेरिकेतील दूरचित्रवाणी केंद्रांना तो फुकट दाखविणे सोयीचे झाले. नाताळ आला की हा चित्रपट लावावयाचा, असा परिपाठ पडला आणि एका पिढीच्या मनात तो घर करून बसला. कचेरीतील एका विस्मरणाने चित्रपटाला नवे आयुष्य दिले. हे ध्यानात घेता, यादीतील क्रमांकाला वेदवाक्य मानण्याचे कारण नाही.

अमेरिकन सरकारने १९८८ मध्ये कायदा करून चित्रपटांची एक राष्ट्रीय नोंदवही सुरू केली आणि १९८९ मध्ये तीत पहिले पंचवीस चित्रपट दाखल केले. या नोंदवहीचा निकष प्रामाणिक आहे. सांस्कृतिक, ऐतिहासिक अथवा सौंदर्याच्या दृष्टीने महत्त्वाचा चित्रपट ती जतन करते. पण हे महत्त्व अर्थातच अमेरिकेच्या दृष्टीने ठरलेले असते. अमेरिकेने आपला इतिहास आपल्या निकषाने जपला, यात गैर काही नाही. प्रश्न एवढाच की, ज्या गावाचा इतिहास निराळा आहे, त्याने आपल्या इतिहासाच्या उजेडात हे चित्रपट का पाहू नयेत?

बँक, जमीन आणि माणूस

उमरीचा इतिहास सांगावयाचा तर बँकेपासूनच प्रारंभ करावा लागतो. मुदखेड-निझामाबाद लोहमार्गावरचे, कापसाच्या व्यापाराचे हे गाव. १९४८ साली हैदराबाद संस्थान अजून निजामाच्या ताब्यात होते आणि रझाकारांचा जुलूम वाढत चालला होता. त्या वर्षी ३० जानेवारीला, म्हणजे ज्या दिवशी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली त्याच दिवशी, मुक्तिसंग्रामातील सैनिकांनी उमरीच्या बँकेवर छापा घालून वीस लाखांहून अधिक रक्कम ताब्यात घेतली. ती लढ्यासाठी खर्ची पडली आणि तिचा चोख हिशेब ठेवला गेला, असे मराठवाड्यात आजही अभिमानाने सांगितले जाते. कायद्याच्या भाषेत ती लूट होती. लोकांच्या भाषेत तो लढा होता. पैसा कोणाचा, राज्य कोणाचे आणि कायदा कोणासाठी, हे तिन्ही प्रश्न त्या एका घटनेत एकवटले आहेत. ज्या गावाच्या स्मृतीत अशी घटना आहे, त्याच्याजवळ अमेरिकन चित्रपट पारखण्याची एक उत्तम कसोटी आयतीच आहे. कारण बँक आणि बँकेचा पैसा हा त्या चित्रपटांचा एक आवडता विषय राहिला आहे.

या कसोटीला सर्वांत आधी उतरतो तो जॉन फोर्डचा १९४० चा 'द ग्रेप्स ऑफ रॅथ'. जॉन स्टाइनबेकच्या आदल्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या कादंबरीवर तो आधारलेला आहे. १९३० नंतरच्या दशकात ओक्लाहोमा आणि शेजारच्या राज्यांत अवर्षण पडले, धुळीची वादळे उठली, कुळांच्या हातून जमिनी गेल्या आणि हजारो कुटुंबे मोडक्या मोटारींत संसार घालून कॅलिफोर्नियाकडे निघाली. चित्रपटात एका कुळाचे घर पाडावयास ट्रॅक्टर येतो. कूळ बंदूक घेऊन उभे राहते. पण ट्रॅक्टर चालविणारा निघतो शेजाऱ्याचाच पोरगा, तीन डॉलर रोजावर लागलेला. त्याला मारून उपयोग नाही; त्याच्यामागे मुकादम आहे, त्याच्यामागे कंपनी आहे, तिच्यामागे बँक आहे आणि बँकेमागे कोण आहे ते कोणासच ठाऊक नाही. ज्याच्यावर बंदूक रोखावी असा माणूसच सापडत नाही, हे त्या प्रसंगातील खरे दुःख आहे. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला, खडी फोडण्याच्या कामावर ज्यांची घरे जगली, हैदराबाद-पुणे-मुंबईच्या वाटेने ज्यांचे भाऊबंद गेले, त्या मराठवाड्याला हे दुःख समजावून सांगावे लागणार नाही. लातूरला २०१६ मध्ये रेल्वेने पाणी आणावे लागले, ही तर कालपरवाची गोष्ट आहे.

आणि येथेच आणखी एक गोष्ट आठवते. फोर्डच्या चित्रपटाच्या पंधरा वर्षे आधी, १९२५ मध्ये, कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी 'सावकारी पाश' हा मूकपट काढला होता. सावकाराच्या कर्जात जमीन गमावून शहरात गिरणीकामगार होणाऱ्या शेतकऱ्याची ती कथा. तरुण शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम यांनी केली होती. विषयाच्या बाबतीत मराठी चित्रपट अमेरिकेच्या पुढे होता, असे म्हणावयास हरकत नाही. परंतु तो मूकपट आज पाहावयास मिळत नाही. भारतात तेराशेच्या वर मूकपट निघाले आणि त्यांतील अगदी मोजकेच, तेही पुष्कळदा तुकड्यांच्या रूपात, उरले. अमेरिकेतीलही बहुतांश मूकपट नाहीसे झाले, हे खरे. तथापि जे उरले ते तेथे निगुतीने सांभाळले गेले. आपल्याच दुःखाचे चित्र पाहण्यासाठी उमरीच्या प्रेक्षकाला ओक्लाहोमाकडे जावे लागते, याचे एक कारण हेही आहे. आपल्या चित्रपटांची हेळसांड आपणच केली आहे.

'ग्रेप्स ऑफ रॅथ'ला दोष नाहीत असे नाही. कादंबरीचा शेवट भयाण आहे. चित्रपटाने प्रसंगांचा क्रम बदलून तो आशादायक केला. सरकारी छावणीतील सुव्यवस्था शेवटाकडे आणून प्रेक्षकाला दिलासा देण्यात आला. सरकारी योजनांचा अनुभव असलेला मराठवाड्याचा प्रेक्षक या दिलाशावर कितपत विश्वास ठेवील, ही शंका आहे. पण अशी शंका घेता येणे हाच पाहण्याचा लाभ आहे.

काप्राच्या 'इट्स अ वंडरफुल लाइफ'मध्ये बँकेचे निराळे रूप दिसते. एका लहान गावातील घरबांधणी पतसंस्था आणि तिच्या जिवावर उठलेला धनाढ्य पॉटर यांचा तो झगडा आहे. पैसे बुडणार अशी आवई उठते आणि ठेवीदार संस्थेच्या दारात गर्दी करतात. तेव्हा नायक त्यांना समजावून सांगतो की, तुमचा पैसा या तिजोरीत नाही, तो शेजाऱ्यांच्या घरांत गुंतलेला आहे. मधुचंद्रासाठी काढलेले स्वतःचे दोन हजार डॉलर तो वाटून टाकतो आणि संध्याकाळी संस्थेच्या तिजोरीत अवघे दोन डॉलर उरतात. सहकाराचे मर्म इतक्या सोप्या रीतीने सांगणारा प्रसंग जगाच्या चित्रपटांत विरळा. महाराष्ट्रात पतसंस्थांचे जाळे पसरले, त्यांतील अनेक बुडाल्या आणि म्हातारपणाची ठेव परत मिळावी म्हणून माणसांनी वर्षानुवर्षे हेलपाटे घातले. त्या महाराष्ट्राने हा चित्रपट अवश्य पाहावा; मात्र एक गोष्ट नजरेआड करू नये. संस्थेचे आठ हजार डॉलर पॉटरच्या हाती लागतात, ते तो दडवून ठेवतो आणि चित्रपट संपेपर्यंत त्याला कसलीही शिक्षा होत नाही. गावकरी वर्गणी करून नायकाला वाचवितात; चोर मात्र सुखरूप राहतो. गावाचा चांगुलपणा चोरीची भरपाई करतो, हा शेवट गोड मानावा की कडू, याविषयी उमरीच्या पारावर दोन तट पडले तर ते योग्यच होईल.

तिसरा चित्रपट आर्थर पेनचा 'बॉनी अँड क्लाइड', १९६७ चा. १९३० नंतरच्या मंदीत बँका लुटणाऱ्या एका जोडप्याची ही सत्यकथेवर आधारलेली कहाणी. बँकेने जप्त केलेल्या आपल्या घराकडे शेवटचे पाहावयास एक शेतकरी येतो आणि क्लाइड त्याच्या हाती पिस्तूल देऊन त्या घरावर गोळ्या झाडावयास लावतो, हा प्रसंग क्षणभर काळजाला हात घालतो. परंतु पुढे काय? लुटलेल्या पैशाचा हिशेब नाही, शेतकऱ्याचे घर त्याला परत मिळत नाही आणि तरुण-तरुणी गोळ्यांनी चाळण होऊन पडतात. चित्रपटाची मांडणी कितीही देखणी असली, तरी त्या बंडामागे लोक नाहीत. उमरीची लूट आणि ही लूट यांतील अंतर जो प्रेक्षक ओळखील, त्याला हा चित्रपट समजला असे म्हणता येईल. केवळ देखण्या मृत्यूवर जो भाळेल, त्याने तो पाहूनही पाहिला नाही.

भय आणि विवेक

दुसरी कसोटी भयाची आहे. रझाकारांच्या काळात मराठवाड्यातील गावोगावच्या माणसांना एका प्रश्नाचे उत्तर द्यावे लागले होते. रात्री दारावर थाप पडली तर भूमिगत सैनिकाला आत घ्यावयाचे की नाही? कोणी घेतले, कोणी भयाने कडी लावली, कोणी खबर पोहोचविली. फ्रेड झिनेमनचा १९५२ चा 'हाय नून' याच प्रश्नाभोवती फिरतो. दुपारी बाराच्या गाडीने गुंड येणार आहे. गावाचा अंमलदार दारोदार मदत मागत फिरतो. प्रत्येकाजवळ न येण्याचे सबळ कारण असते आणि अखेर तो एकटा उभा राहतो. पंचाऐंशी मिनिटांचा हा चित्रपट घड्याळाच्या काट्याबरोबर चालतो. त्याचे पटकथाकार कार्ल फोरमन यांना त्याच सुमारास कम्युनिस्टविरोधी चौकशी समितीपुढे उभे केले गेले आणि त्यांना देश सोडून इंग्लंडला जावे लागले. भित्र्या गावाची ही कथा त्यांनी स्वानुभवातून लिहिली, असे मानले जाते.

या चित्रपटाचा जॉन वेन या नटाला आणि हॉवर्ड हॉक्स या दिग्दर्शकाला राग आला. खरा मर्द गावापुढे मदतीची याचना करीत हिंडत नाही, असे त्यांचे म्हणणे. त्या दोघांनी १९५९ मध्ये 'रिओ ब्राव्हो' काढून त्याला उत्तर दिले. त्यात एक दारुडा, एक म्हातारा आणि एक पोरगा एवढ्यांच्या साथीने अंमलदार तुरुंग लढवितो. हे दोन्ही चित्रपट लागोपाठ पाहावेत. एकटा माणूस गावाला हाक मारतो ते त्याचे दौर्बल्य, की गावाने ओ न देणे ही गावाची लाज? मुक्तिसंग्राम जगलेल्या प्रदेशाचे उत्तर 'हाय नून'च्या बाजूने पडेल. कारण तो लढा भूमिगतांना भाकरी पोहोचविणाऱ्या अनाम घरांच्या बळावर चालला होता.

खबर देणाऱ्याचा प्रश्न एलिया कझानच्या 'ऑन द वॉटरफ्रंट'मध्ये येतो. १९५४ च्या या चित्रपटाला आठ ऑस्कर पुरस्कार मिळाले. गोदीतील गुंडांविरुद्ध साक्ष देणारा मार्लन ब्रँडोचा नायक हा अभिनयाचा मानदंड ठरला. परंतु कझान यांनी स्वतः १९५२ मध्ये चौकशी समितीपुढे आपल्या जुन्या सहकाऱ्यांची नावे सांगितली होती. गुंडांविरुद्धची साक्ष आणि मित्रांविरुद्धची साक्ष एकाच तराजूत तोलता येईल काय? गुणवान कलाकृती आणि तिच्यामागचा डागाळलेला माणूस यांचा मेळ कसा घालावा? हे प्रश्न अमेरिकेतही सुटलेले नाहीत. खबऱ्यांमुळे ज्यांच्या घरातील माणसे गेली, त्या मराठवाड्यातील प्रेक्षकांनी त्यात आपले मत घालणे अगदी उचित होईल.

कलागुण आणि विष

तिसरी कसोटी सर्वांत कठीण आहे. डी. डब्ल्यू. ग्रिफिथचा १९१५ चा 'द बर्थ ऑफ अ नेशन' चित्रपटकलेच्या इतिहासात टाळता येत नाही. संकलन, समीपदृश्ये, पाठलागाची गती यांचे व्याकरण त्याने घट्ट केले. परंतु तो कृष्णवर्णीयांना पशू ठरवितो आणि त्यांना जिवंत जाळणाऱ्या, फासावर लटकविणाऱ्या कू क्लक्स क्लॅन या संघटनेला तारणहार बनवितो. त्याच वर्षी ती मृतप्राय संघटना पुन्हा उभी राहिली. कृष्णवर्णीयांच्या संस्थांनी चित्रपटाविरुद्ध निदर्शने केली. त्या वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते, हे ध्यानात घेतले म्हणजे ही गोष्ट आपल्याला वाटते तेवढी दूरची राहत नाही. १९९८ च्या यादीत या चित्रपटाला चव्वेचाळिसावा क्रमांक होता. २००७ च्या यादीतून तो गळला.

'गॉन विथ द विंड' हे अधिक गोड विष आहे. १९३९ च्या या रंगीत महाचित्रपटात गुलामगिरीचा काळ जणू हरवलेला स्वर्ग म्हणून दाखविला आहे. त्यातील दासीच्या भूमिकेबद्दल हॅटी मॅकडॅनिएल यांना ऑस्कर मिळाला. तो मिळविणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय कलावंत. पण अटलांटातील पहिल्या खेळाला त्यांना जाता आले नाही आणि पुरस्काराच्या समारंभात त्यांना वेगळ्या मेजावर बसविण्यात आले. चित्रपटाविषयीचे सारे भाष्य या एका मेजाने केले आहे. रॉबर्ट मलिगनचा 'टु किल अ मॉकिंगबर्ड' (१९६२) या दोन्हींच्या विरुद्ध बाजूला उभा आहे. खोट्या आरोपात अडकलेल्या कृष्णवर्णीयाचा खटला एक गोरा वकील लढवितो आणि हरतो. ग्रेगरी पेकचा तो वकील अविस्मरणीय आहे. तरीही त्यात आरोपीला बोलावयास फार थोडे मिळते. दुःख एकाचे आणि उदात्तता दुसऱ्याची, अशी विभागणी होते. सहृदय सवर्णांनी दलितांविषयी लिहिलेल्या साहित्यावर मराठीत हाच आक्षेप घेतला गेला आहे.

१९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथर संघटनेवरून घेतले. १९७८ च्या जुलैमध्ये मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात झाला आणि नांदेडसह मराठवाड्यात दलित वस्त्या जळाल्या. नामविस्तार व्हावयास १९९४ उजाडले. ज्या जिल्ह्याने हे पाहिले, त्याने हे तिन्ही चित्रपट 'तिकडची गोष्ट' म्हणून पाहू नयेत. 'बर्थ ऑफ अ नेशन' करमणुकीसाठी पाहण्याजोगा मुळीच नाही. पण कलेचे सामर्थ्य अन्यायाच्या चाकरीला कसे लागते, हे शिकावयाचे असेल तर जाणत्याच्या सोबतीने आणि चर्चेसह तो अभ्यासावा. बंदी घातल्याने विष नाहीसे होत नाही. ते ओळखता आले पाहिजे.

केवळ उपयुक्ततेचाच निकष काय?

या विवेचनावर एक आक्षेप येईल आणि तो रास्तही आहे. प्रत्येक चित्रपटात दुष्काळ, बँक आणि जात शोधावयाची म्हणजे कलेला रोजगार हमीच्या कामावर लावण्यासारखेच नव्हे काय? सौंदर्यासाठी सौंदर्य, हसण्यासाठी हसणे, यांना काही किंमत आहे की नाही? जरूर आहे. उमरीच्या माणसाला केवळ दुःखाचेच चित्रपट पाहण्याचा अधिकार आहे, असे मानणे हा त्याचा अपमानच ठरेल. 'सिंगिन इन द रेन'मधील नृत्य पाहून कोणाची पावले थिरकली तर त्याला कारण विचारू नये. पुरुषांनी स्त्रीवेष घेऊन घातलेला 'सम लाइक इट हॉट'मधील गोंधळ तर 'अशी ही बनवाबनवी'वर वाढलेल्या महाराष्ट्राला परका वाटणारच नाही.

शिवाय रूप आणि आशय यांची अशी फारकत खऱ्या कलाकृतीत होत नाही. 'ग्रेप्स ऑफ रॅथ'मधील रिकाम्या घरातील मेणबत्तीचा उजेड आणि 'सिटिझन केन'मधील जवळचे व दूरचे सारखेच स्पष्ट दिसणारे दालन ही दोन्ही ग्रेग टोलंड या एकाच छायालेखकाची किमया. पहिल्यात अंधार माणसाची निराधार स्थिती सांगतो. दुसऱ्यात खोली जसजशी मोठी होते तसतसा तिचा मालक लहान होतो. वृत्तपत्रांचा धनी असलेला केन जनतेचा कैवारी म्हणून निघतो आणि जनतेला आपली मालमत्ता समजू लागतो. निवडणुकीच्या फलकांवर जनसेवकांचे हसरे चेहरे पाहणाऱ्या कोणत्याही तालुक्याला ही कथा नवी नाही. पाच दशके श्रेष्ठ ठरला म्हणून हा चित्रपट पाहू नये. सत्ता माणसाला आतून कशी पोखरते हे तो केवळ शब्दांनी न सांगता छायाप्रकाशाने दाखवितो, म्हणून पाहावा.

भाषेची भिंत आणि गावाचे काम

खरी अडचण पुढेच आहे. हे चित्रपट इंग्रजीत आहेत. तेही अमेरिकन उच्चारांतील जुन्या इंग्रजीत. मराठी उपशीर्षके क्वचितच मिळतात. यावर एक उपाय म्हणजे प्रारंभ मूकपटांपासून करावा. चॅप्लिन आणि कीटन यांना दुभाष्या लागत नाही. 'मॉडर्न टाइम्स' १९३६ चा आहे. बोलपटांचा जमाना येऊन गेला असूनही चॅप्लिनने आपल्या भटक्याला त्यात बोलते केले नाही. त्याच्या पाच वर्षे आधी, १९३१ च्या सप्टेंबरात, लंडनमध्ये चॅप्लिन आणि गांधीजी यांची भेट होऊन यंत्रांविषयी बोलणे झाले होते. यंत्राच्या दातेरी चक्रात सापडलेला तो कामगार चौथीतल्या मुलालाही कळतो आणि त्याच्या आजोबांनाही.

दुसरा उपाय सामुदायिक पाहण्याचा आहे. तो स्वप्नाळूपणाचा नाही. शेजारच्या कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातील हेग्गोडू या खेड्यात के. व्ही. सुब्बण्णा यांनी 'नीनासम' या संस्थेमार्फत १९७० नंतरच्या दशकात जगातील अभिजात चित्रपट सुपारीच्या बागायतदारांना आणि शेतमजुरांना दाखविले आणि कन्नडमधून त्यांची चर्चा घडविली. सुब्बण्णांना १९९१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये रसास्वाद शिकविणारे सतीश बहादूर आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे पी. के. नायर यांनी या कामाला साह्य केले. मुंबईत प्रभात चित्र मंडळ १९६८ पासून ही चळवळ चालवीत आले. संग्रहालय पुण्यात, चळवळ मुंबईत आणि प्रयोग कर्नाटकातील खेड्यात. मराठवाड्यातील खेडे मात्र या नकाशात फारसे दिसत नाही. त्या काळी चित्रफितींचे जड डबे रेल्वेने मागवावे लागत. आज महाविद्यालयाचा एक प्रोजेक्टर, वाचनालयाची एक खोली आणि चित्रपटापूर्वी पंधरा मिनिटे मराठीत प्रास्ताविक करणारा एक शिक्षक एवढे पुरे आहे. महिन्याला एक चित्रपट आणि त्यानंतर तासभर मोकळी चर्चा, हा खर्च एखाद्या लहानशा सत्कार समारंभापेक्षाही कमी येईल. चित्रपट दाखविण्याची परवानगी रीतसर घ्यावी, एवढे पथ्य मात्र पाळले पाहिजे.

मोबाइलवर एकट्याने पाहिलेला चित्रपट कंटाळा आला की बंद होतो. दहा जणांत पाहिलेला चित्रपट भांडण होईपर्यंत चालतो. पॉटरला शिक्षा का झाली नाही, अंमलदाराने गाव का सोडले, वकिलाच्या अशिलाला बोलू का दिले नाही, असे प्रश्न जेथे मोठ्याने विचारले जातात तेथेच अभिजात हा शब्द सार्थ होतो. परक्या समीक्षकांनी दिलेला क्रमांक ही फार तर शिफारसपत्रिका आहे. निकालपत्र प्रेक्षकाने लिहावयाचे असते. जो चित्रपट उमरीच्या प्रश्नांना सामोरा जातो आणि जाताना उमरीलाच एक नवा प्रश्न विचारून जातो, तो पाहण्यासारखा आहे, मग तो यादीत पहिला असो वा शहाण्णववा. जो केवळ आपल्या कीर्तीच्या बळावर पडद्यावर येतो, त्याला या गावाने खुशाल परत पाठवावे. बलाढ्य राज्याच्या बँकेलाही एके दिवशी हिशेब विचारणाऱ्या गावाला हॉलिवूडकडून हिशेब मागण्यात संकोच वाटावयाचे कारण नाही.